एक माणूस, एक गट

हर्षदाच्या घरात कुणालाही जमिनीचा गट नंबर विचारा, आडनाव सांगावं तसा चटकन सांगतील. तिच्या आजोबांनी मेंढरांमागची वणवण कमी करून भांडगावच्या शिवारात जमिनीचा तुकडा घेतला. सातबाऱ्यावर नाव लागलं तेव्हा म्हणे त्यांनी तो उतारा खंडोबाच्या पायावर ठेवून आणला होता. धनगराला पत्ता मिळाला म्हणजे काय मिळालं, हे ज्यांच्या सात पिढ्या एकाच गावात गेल्या त्यांना सांगून कळायचं नाही. हर्षदाला पाढ्यांच्या आधी तो नंबर पाठ झाला. पुढं तिच्या हातून जी चूक झाली ती या पाठांतरातूनच झाली, आणि गंमत अशी की तेव्हा त्या चुकीबद्दल तिची पाठ थोपटली गेली.

डेमू गाडीनं ये-जा करत तिनं दौंडच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि शिक्रापुरात नोकरीला लागली. नोकरी म्हणजे हायवेलगत टायरच्या दुकानावरचा एक हॉल, चार खुर्च्या आणि मालक सत्यजीत. सत्यजीत वजनदार घरातला, आजोबा सोसायटीत, चुलते कारखान्यावर. काम आणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. ‘होऊन जाईल’ हे त्याचं आवडतं वाक्य, आणि ते होऊन जायचं ते हर्षदाकडून. खालून मोठा ट्रक गेला की वर स्क्रीन थरथरायचे.

हर्षदाचा स्वभाव काळजीचा. खोलीला कुलूप लावून जिना उतरली की परत वर जाऊन कुलूप ओढून बघणारी. ऑफिसातले चिडवत, “हर्षदा, स्वतःच्या लग्नात तू मांडवाचे खांब हलवून बघशील.” पण तिच्या कामाला हाच स्वभाव लागतो. वेबसाइटवरचा फॉर्म दिसायला चार चौकोन असतो, पण लोकांनी त्यात भरलेलं मागं कुठं आणि कशाशी बांधून ठेवायचं, हे आधी ठरवावं लागतं. माणसांचं टेबल वेगळं, गावांचं वेगळं, नोंदींचं वेगळं, आणि सगळी नंबरांनी एकमेकांना बांधलेली. ती टेबल आखायला बसली की शंकांची रांग लागायची. एकाच मोबाइलवरून दोन भाऊ बोलले तर? एका तालुक्यात एका नावाच्या दोन वस्त्या असल्या तर? बाईनं माहेरचं नाव लावलं तर? शिवाय एक गोष्ट एकाच जागी लिहायची, हा तिचा नियम. तीच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की एक दिवस एकीकडं बदलते, दुसरीकडं तशीच राहते, आणि मग खरी कुठली ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

मग बिबट्याचं काम आलं. भीमा आणि घोडच्या काठानं ऊस वाढला तसे बिबटे उसातच जन्मायला आणि उसातच वाढायला लागले. कुणाची शेळी जायची, कुणाचं वासरू, आणि अधूनमधून अशी बातमी यायची की आया दिवसाढवळ्यासुद्धा पोरांना अंगणात सोडेनात. तेव्हा काठावरच्या गावांतल्या तरुणांनी मिळून एक बचाव पथक उभं केलं. न्हावऱ्याचा विक्रम त्याचा म्होरक्या. पथकाकडं एक जीप, एक भोंगा आणि मोठे दिवे. त्यांना हवं होतं एवढंच, की ज्याला बिबट्या दिसला त्यानं मोबाइलवर कळवावं, नकाशावर लाल ठिपका उमटावा आणि जीप तिथं पोचावी. सत्यजीत म्हणाला, “होऊन जाईल.”

पहिल्याच चाचणीत हर्षदानं अक्षांश-रेखांश उलटे टाकले आणि न्हावऱ्याचा बिबट्या पार उत्तरेकडं, बर्फाच्या समुद्रात पोहताना दिसला. ऑफिस हसून हसून लोळलं. ती चूक सोपी होती, डोळ्यांना दिसणारी. खरी अडचण पुढं आली. फॉर्म भरताना मोबाइल जिथं असेल ती जागा घ्यायची, असं आधी ठरलं होतं. पण बिबट्या बघून उसाच्या बांधावर उभं राहून फॉर्म कोण भरणार? माणूस आधी पळणार. घरी येणार, तांब्याभर पाणी पिणार, आणि रेंज मिळते म्हणून देवळाच्या पारावर जाऊन मोबाइल काढणार. थोड्याच दिवसांत नकाशा बघून असं वाटायला लागलं की तालुक्यातले झाडून सगळे बिबटे मारुतीच्या दर्शनाला येतात.

विक्रम वैतागला. तेव्हा हर्षदानं तोड काढली. मोबाइलची जागा घेणं बंद. नाव नोंदवताना प्रत्येकानं आपला गट नंबर एकदाच द्यायचा. गटांच्या हद्दींचा नकाशा ऑफिसात होताच. पुढं बिबट्या दिसला की नुसतं बटण दाबायचं आणि काय दिसलं ते मोबाइलला तोंडी सांगायचं. मोबाइल नंबरावरून माणूस सापडतो, माणसावरून गट, गटावरून नकाशातली जागा. घाबरलेल्या माणसानं दर वेळी पत्ता लिहीत बसायची कटकट नाही. जागा एकदाच लिहायची, आणि ती माणसाच्या ओळीत. एक माणूस, एक गट. ठिपके पारावरून उठले आणि शेताशेतांत जाऊन बसले, जीप बरोब्बर पोचायला लागली. सत्यजीतनं पेढे आणले. एरवी शंभर शंका काढणाऱ्या हर्षदाला त्या दिवशी एकही शंका आली नाही.

दिवाळीला ती भांडगावला गेली तेव्हा तिचे चुलते रखमाजी मेंढरं घेऊन निघायच्या तयारीत होते. जमीन दोघा भावांची सामाईक. थोरले मल्हारी, म्हणजे हर्षदाचे वडील, ती कसत, आणि धाकटे रखमाजी अजून मेंढरं राखत. दिवाळी झाली की ते आणि अनसाबाई काकी नदी ओलांडून शिरूरच्या बाजूला जात. पीक निघालेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत पडतं म्हणून. जाळीची वाघर लावायची, मेंढरं आत कोंडायची, बाहेर आपलं बिऱ्हाड. एका रानात काही रात्री, मग पुढच्या मालकाचं बोलावणं. या खेपेला सून बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणून तीन वर्षांची नात ऋतिकाही आजी-आजोबांबरोबर निघाली होती.

ते ऐकून हर्षदाला आधी बिबट्या आठवला. तिनं चुलत्यांचा मोबाइल मागून घेतला आणि स्वतःच्या हातानं त्यांची नोंदणी केली. गट नंबर विचारायची गरजच नव्हती.

“नाना, वाघ दिसला की हे बटण दाबायचं आन् काय झालं ते बोलायचं. गाडी येते,” ती म्हणाली.

“तू केलंयस व्हय हे?” रखमाजीनं मोबाइल उलटासुलटा करून पाहिला. “मंग घरचीच गाडी म्हनायची की!”

पुढं थंडीत कुणा टवाळखोरांना चेष्टा सुचली. बिबट्या आला म्हणून ठिपके टाकायचे आणि जीप फुकट हिंडताना बघायची. म्हणून हर्षदानं आणखी एक नियम बसवला. पथक जाऊन आलं आणि काही सापडलं नाही तर त्या नोंदीवर ‘खोटी’ अशी खूण करायची. दोनदा खोटी निघाली की तो मोबाइल नंबर बाजूच्या टेबलात जाऊन पडायचा. त्याच्या पुढच्या नोंदी साठत राहायच्या, पण जीपला निरोप जायचा नाही. विक्रम खूश झाला.

ऊसतोड जोरात चालू होती तेव्हाची गोष्ट. एका दुपारी विक्रम दुसऱ्याच कामासाठी ऑफिसात आला आणि चहा घेता घेता म्हणाला, “तुमचा तो नियम बेस्ट आहे. एकानं आम्हाला दोनदा पार दौंड तालुक्यात पळवलं. रानात बघतो तर ऊस नाही, ओढा नाही, नुसता कांदा. शेजारच्या वस्तीवर विचारलं तर लोक हसायला लागले. नंबर लावला तर बंद. आता बसलाय गप.”

“कुठल्या गावात?” हर्षदानं विचारलं.

“भांडगाव.”

“गट कुठला?”

विक्रमनं मोबाइल काढला आणि आकडे वाचायला सुरुवात केली. पहिले दोन त्यानं वाचले, पुढचे हर्षदानंच म्हटले. सत्यजीत हसला, त्याला वाटलं पाठांतराची कमाल चाललीय. पण हर्षदाचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं.

तिनं बाजूचं टेबल उघडलं. चुलत्यांच्या नंबरावर तीन नोंदी होत्या. पहिली: “वाघरीजवळ वाघ आला व्हता. गाडी पाठवा.” दुसरी: “कुत्रं नेलं. दोन अंगाला ऊस हाय. गाडी पाठवा.” तिसरी आज सकाळची, आणि ती कुणालाही गेली नव्हती: “हर्षदा, गाडी का येत न्हाई गं? पोरगी बारकी हाय.”

हर्षदानं स्क्रीन विक्रमकडं वळवला.

“कोण आहे हा?” विक्रमनं विचारलं.

“माझे चुलते.”

“अहो, मग भांडगावात बिबट्या कुठून—”

“ते भांडगावात नाहीत,” हर्षदा म्हणाली. “जमीन भांडगावात आहे. ते मेंढरं घेऊन नदीपलीकडं आहेत. कुठं ते मला माहीत नाही.”

बोलताना तिलाच तिची लाज वाटत होती. जागा माणसाच्या ओळीत लिहायचीच नव्हती, नोंदीच्या ओळीत लिहायला हवी होती, दर वेळी नव्यानं. परक्या कुणी असं टेबल आखलं असतं तर हिनंच पहिली शंका काढली असती, की ज्याचं बिऱ्हाड घोड्यावर त्याचं काय? पण घरात तो नंबर इतक्या अभिमानानं घेतला जायचा की समोर मेंढरं हाकायला उभा असलेला चुलता तिला गटात बसलेला दिसला. धनगराच्या पोटी जन्मून तिनं सगळ्या जगाला एका जागी बसवून टाकलं होतं.

चुलत्यांचा मोबाइल बंद होता. रानात चार्जिंग विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवर, आणि शेतीची वीज आली तर आली. काकीकडं मोबाइल नव्हताच. तिनं वडिलांना फोन लावला.

“आबा, नाना कुठं हायेत?”

“मेंढरामागं. का गं?” मल्हारीनं विचारलं.

“कुठल्या गावात? कुणाच्या रानात?”

“ते काय सांगून उठत्यात व्हय? हौसरावाच्या रानात असतील, न्हावऱ्याच्या अंगाला. न्हाईतर फुडं सरकलं असतील. झालंय काय पर?”

हर्षदानं सांगितलं. मल्हारी म्हणाले, “आपल्या रानात जीप आली व्हती, असं लोकं म्हनत व्हती. मी म्हनलं, येड्यांचा बाजार. आगं, मला कुनी इचारलं असतं तर...”

हौसरावांचा नंबर वडिलांकडून मिळाला. म्हातारा फोनवर शांतपणे बोलत होता. “रखमाजी व्हय? उठलं की कवाच. उसाला पानी सोडायचं व्हतं मला. मांडवगणच्या अंगाला गेलं. मालकाचं नाव काय मला ठावं न्हाई.”

“आप्पा, वाघाचं काय बोलले का?”

“न्हाई बा. माज्याकडं तवा काय नव्हतं.”

तिनं मांडवगणच्या बाजूचा नकाशा स्क्रीनवर मोठा केला. गटाला गट लागलेले, आणि कोणता उसाचा, कोणता मोकळा, हे काही त्यावर दिसत नव्हतं. विक्रम तिच्या खांद्यावरून बघत होता. “शिवार केवढं मोठं आहे बघताय ना? जीप एक आहे. दिवस कलायला लागलाय. मला एक जागा सांगा.”

सत्यजीतच्या तोंडून ‘होऊन’ एवढंच निघालं.

हर्षदा रडकुंडीला आली होती, पण बोटं चालू होती. चुलत्यांनी ज्या दोन संध्याकाळी आधीच्या नोंदी केल्या, त्याच संध्याकाळी मांडवगणच्या आसपास आणखी कुणी नोंद केली होती का, हे तिनं टेबलाला विचारलं. बिबट्या एक असेल तर तो एकालाच कशाला दिसेल? ठिपके उमटले, थोडेच. ही सगळी घरदार असलेली माणसं, त्यांचे गट खरे होते. तिनं त्यांचे नंबर काढले आणि एकेकाला फोन लावत सुटली. पहिल्यानं उचललाच नाही. दुसरा म्हणाला, इकडं मेंढरं नाहीत, तुम्ही कोण, कुठल्या पार्टीच्या? तिसरा नंबर सविता नावाच्या बाईचा होता.

“व्हय, शेजारच्या रानात बसलीत की मेंढरं,” सविता म्हणाली. “त्यांच्या आन् आमच्या उसाच्या मधी निस्ता बांध हाय. त्यांचं कुत्रं लई भुकायचं, आता गप झालंय.”

“ताई, तिथं एक लहान मुलगी दिसली का तुम्हाला?”

“काल दिसली व्हती. आज काय मी तिकडं गेलेच न्हाई.”

“तुम्ही जरा जाऊन बघता का? निरोप सांगाल, की पोरीला जवळ धरून बसा, गाडी येतीय?”

सविता घुटमळली. “आवं, दिवस कलला की आमच्यातल्या बाया बांधावर जात न्हाईत आता. मालक दूध घालायला गेलेत. आले की धाडते त्यांना.”

तिला काय बोलणार? आपल्या लेकरांना घरात कोंडून बसलेल्या बाईला दुसऱ्याच्या लेकरासाठी उसात जा कसं म्हणायचं? हर्षदानं सविताचा गट विक्रमला सांगितला.

“नक्की हेच का?” विक्रमनं विचारलं.

“नक्की नाही,” हर्षदा म्हणाली. “पण दुसरं माझ्याकडं काही नाही.”

विक्रमनं न्हावऱ्याला फोन करून जीप काढायला सांगितली आणि तिघं सत्यजीतच्या गाडीतून निघाले. शिक्रापूरचा चौक ओलांडायलाच जीव गेला. पुढं न्हावऱ्याच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या, ना बाजू देतात ना थांबतात. सत्यजीत हॉर्नवर हात ठेवून बसला होता. हर्षदानं मांडीवर लॅपटॉप उघडला. चुलत्यांचा नंबर तिनं बाजूच्या टेबलातून काढला, आणि नोंदींच्या टेबलात जागेसाठी नवा कॉलम घालायला घेतला.

“राहू दे ना आता ते,” सत्यजीत म्हणाला.

“हाताला काहीतरी पाहिजे,” ती म्हणाली.

पण तेही सुखासुखी होईना. हा कॉलम रिकामा सोडला तर चालेल, असं ठेवायचं का? चालेल म्हटलं तर लोक रिकामाच सोडणार आणि जीप पुन्हा कांद्याच्या रानात जाणार. चालणार नाही म्हटलं तर अंधारात थरथरणाऱ्या माणसाचा फॉर्म पुढंच जाणार नाही. ऑफिसात बसून हा प्रश्न तिनं चहाच्या दोन घोटांत सोडवला असता. आता त्या रिकाम्या चौकोनाकडं बघताना तिला ऋतिका दिसत होती, काल दिसलेली आणि आज कुणी न पाहिलेली. मांडवगणच्या अलीकडं रेंज गेली आणि जीप पोचली की नाही हेही कळेना. तिनं लॅपटॉप मिटला आणि खंडोबाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

दिवेलागणीला ते सविताच्या वस्तीवर पोचले. सविताचा नवरा दारातच उभा होता. त्यानं काही न विचारता बांधाकडं हात केला. गाडी तिथंच टाकून तिघं चालत निघाले. उसाच्या कडेनं जाताना पुढून विक्रम मोठ्यानं बोलत होता, उगाच, माणसाचा आवाज असावा म्हणून. बांध संपला आणि जीपचे दिवे दिसले. त्या उजेडात वाघर, आत दाटीवाटीनं उभी मेंढरं, आणि काठी घेऊन उभे असलेले रखमाजी.

“नाना, ऋतिका कुठंय?” हर्षदानं लांबूनच ओरडून विचारलं.

रखमाजीनं मागं बघितलं. अनसाबाई चुलीपुढं बसली होती. तिच्या कमरेला कोकराचं दावं बांधलेलं होतं, आणि दाव्याच्या दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या कमरेला गाठ मारलेली ऋतिका भाकरीचा तुकडा चघळत बसली होती. हर्षदा धावत गेली आणि पोरीला उचलून घेतलं. दाव्याचा हिसका बसला तशी अनसाबाई म्हणाली, “हळू गं. मला वढतीयास.”

हर्षदाला रडू आवरेना. ऋतिकाला वाटलं हिला भाकरी हवीय, तिनं आपला तुकडा पुढं केला.

जीपमधल्या पोरांनी वाघरीच्या भोवती फिरून माती बघितली होती. पंज्यांचे ठसे ताजे होते, चुलीपासून फार लांब नव्हते. कुत्रं गेलंच होतं, त्याच्यामागून एक कोकरूही गेलं होतं. रात्रभर जीप इथंच उभी राहील आणि सकाळी मेंढरं हलवायला मदत करू, असं विक्रमनं रखमाजींना सांगितलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, “मामा, दोनदा तुम्हाला खोटं ठरवलं आम्ही. माफ करा.”

रखमाजीनं मान हलवली. ते हर्षदाकडं वळले. “पयल्याच राती उठनार व्हतो आमी. वाघ दिसला की सकाळच्याला बिऱ्हाड हलवायचं, ही आपली बापजाद्यांची रीत. तुझी काकी तर घोड्यावर सामान घालाय लागली व्हती. मीच म्हनलं, थांब, आपल्या पोरीनं केलंय, बटन दाबलंय, गाडी यील. म्हनून ऱ्हायलो.”

आपला फॉर्म पोचला नाही, एवढंच हर्षदाला दुपारपासून माहीत होतं. तो पोचला नाही तरी त्यानं यांना इथं बांधून ठेवलं होतं, हे तिला आत्ता कळलं. बटण नसतं तर ही तीन माणसं पहिल्याच सकाळी इथून गेली असती.

“नाना,” ती कशीबशी म्हणाली, “नोंद करत जा. पण गाडीची वाट बघत बसू नका. वाघ दिसला की उठा.”

“मंग ते केलंस कशापायी?” रखमाजीनं विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

“गप बसा वो तुमी,” अनसाबाई म्हणाली. “पोरगी रडतीय, दिसत न्हाई? आली न्हवं का धावत? घरची हाय म्हनून आली. परकं कोन येतंय?”

काकी समजूत काढायला बोलली होती. पण ते वाक्य हर्षदाला लागायचं तिथंच लागलं. ती घरची होती म्हणून आली. भांडगाव ऐकून कान टवकारले, गट नंबर पाठ होता, म्हणून टेबल उघडलं. आणि उघडून तरी काय बघितलं? चुलत्यांची ओळ. त्या टेबलात फक्त चुलतेच होते का? बाकीच्या ओळी तिनं वाचल्यासुद्धा नव्हत्या. नदीच्या दोन्ही काठांनी असे मेंढपाळांचे कितीतरी वाडे उतरलेले होते, ज्यांची कुणी पुतणी शिक्रापुरात बसलेली नव्हती.

“रेंज कुठं मिळते इथं?” तिनं विक्रमला विचारलं.

“जीपच्या टपावर चढलात तर मिळेल. का?”

ती चढली. सत्यजीतनं खालून लॅपटॉप दिला. बाजूचं टेबल उघडलं, आणि चुलत्यांचा नंबर काढून टाकल्यावर जो पहिला राहिला होता तो तिनं लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली. मग एका बाईनं फोन उचलला, आणि तिच्या आवाजामागं मेंढरं ओरडत होती.

“कोन? गाडीवालं बोलताय व्हय?” ती बाई विचारत होती. “आवं, कवाधरनं वाट बघतोय!”